वार कधी बदलतो

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही, कारण मला इथंच नोकरी करायची आहे. लातूरहून एसटीनं तासाभराच्या अंतरावरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं आणि ते ज्या माणसाच्या हातून येतं त्यांचं नाव ईश्वरप्पा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्याला मफलर आणि सायकलच्या दांडीला बांधलेली व्हॉल्व्हची लोखंडी चावी. छातीएवढी उंच, वर आडवी मूठ. ती खड्ड्यात घालून अप्पा फिरवायला लागले की आधी हवा येते, मग गढूळ पाणी, मग नितळ. सव्वीस वर्षं ते हेच करताहेत.

मी शिवकन्या, मूळची देगलूरची. नगरपालिकेत संगणकाचं काम बघते, तेही कंत्राटी. माझ्या हुशारीचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं ते वाचताना कोणाला माझी दया यायला नको.

अप्पांची एक वही असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, दरवर्षी नवी. तिच्यात ते रोज लिहितात: तारीख, वार, गल्ली. वेळ लिहीत नाहीत. एका गल्लीला पाणी सोडलं की एक ओळ. अक्षर मोत्यासारखं नाही, पण खाडाखोड औषधालासुद्धा सापडायची नाही. मागच्या वर्षी वरून आदेश आला की पाणी कधी सोडलं याची नोंद मोबाइलवर व्हायला हवी. ते ॲप मी बनवलं. अप्पांनी व्हॉल्व्ह उघडला की गल्लीच्या नावावर बोट ठेवायचं, हिरवी खूण उमटते, काम झालं. ज्या क्षणी बोट पडलं तो क्षण तारखेसकट डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. त्याला आम्ही टाइमस्टॅम्प म्हणतो, म्हणजे वेळेचा शिक्का.

"मला हे जमंल का न्हाई, ताई?" अप्पांनी तेव्हा विचारलं होतं.

"अप्पा, तुम्हाला दीड मणाची झाकणं उचलता येतात. बोट ठेवायला काय लागतं?"

हसले. पण वही काही सोडली नाही. पाणीपुरवठ्याचे अभियंता भागवत साहेब म्हणाले, "असू द्या. वर्षभर दोन्ही चालू ठेवा. वही आणि ॲप जुळतंय का ते बघू, मग वही बंद."

मे महिन्यात मी पंधरा दिवसांच्या नोंदी ताडून बघितल्या. वहीतली तारीख एका बाजूला, डेटाबेसमधली दुसऱ्या बाजूला. एकही फरक निघाला नाही. मी अहवाल लिहिला, 'शंभर टक्के जुळणी', आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. त्याच नोंदींवरून गल्लीगल्लीत संदेश जायला लागले: 'आपल्या भागात पाणी बुधवारी येईल.' तक्रार एकही आली नाही. नगरपालिकेत तक्रार न येणं म्हणजे काय, ते नगरपालिकेत काम केलेल्यालाच कळतं. मी सात महिने ताठ मानेनं फिरले.

डिसेंबरात हिशेब तपासणीवाले आले. त्यांनी पंधरा एप्रिलपासून दहा डिसेंबरपर्यंतच्या चारशे बारा नोंदी वहीशी लावल्या. एकोणीस जुळेनात. सगळ्या दिवाळीनंतरच्या, आणि सगळ्यांत एकच प्रकार: वहीत एक तारीख, ॲपमध्ये तिच्या पुढची. म्हणजे वही म्हणे बुधवारी पाणी सोडलं, ॲप म्हणे गुरुवारी. तपासणीवाल्यांनी याचा सरळ अर्थ लावला. पाणी एक दिवस उशिरा सोडायचं आणि वहीत आदल्या दिवशीचं लिहायचं. यंत्र खोटं बोलत नाही, तेव्हा माणूस बोलला असणार.

अप्पांना नोटीस निघाली. 'खोट्या नोंदींबाबत पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल.' एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते. सव्वीस वर्षांच्या शेवटच्या पानावर 'खोटा' असा शब्द पडणार होता, आणि तो पुसायला पुढं नोकरीच उरणार नव्हती.

अप्पांनी खुलासा त्याच दिवशी दिला. एकच ओळ: 'माझी वही खरी आहे.' खाली सही. कोणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखे चावी घेऊन निघाले. पण संध्याकाळी कचेरीत आले तेव्हा माझ्या टेबलाजवळ जरा थांबले.

"ताई, त्या मोबाइलमंदी माझ्या हातून काही गलती तर न्हाई झाली? बोट आडवंतिडवं पडलं असंल."

ते ऐकून मला लाज वाटली. ज्याच्यावर आळ आलाय तो माझ्या ॲपवर संशय घ्यायच्या ऐवजी स्वतःच्या बोटावर घेत होता. मी म्हटलं, "बघते अप्पा." आणि घरी जाऊन जेवणही गोड लागलं नाही.

रविवारी कचेरी बंद असताना मी जाऊन बसले. तारखा नाही, त्यांच्यामागचे पूर्ण शिक्के उघडले, तास-मिनिटांसकट. पहिल्याच पानावर डोळे पांढरे झाले. माळी गल्लीला पाणी सोडल्याची वेळ: रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. रात्री अकराला अप्पा कधी पाणी सोडत नाहीत. पंपाला वीजच नसते. पुढची नोंद साडेअकराची. त्याच्या पुढची सव्वाबाराची. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

आमचा डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि तो सर्व्हर इंग्लंडच्या ग्रिनिचच्या वेळेनं चालतो. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. असं असतं, जगभर असंच ठेवतात आणि त्यात वावगं काही नाही. फक्त बनवणाऱ्यानं वेळेसोबत ती कुठली वेळ हे साठवायचं असतं आणि दाखवताना आपल्याकडची करून घ्यायची असते. मी रकाना केला तो नुसत्या वेळेचा, झोन, म्हणजे वेळेचा पट्टा, नसलेला. त्यातून तारीख कापून अहवाल काढला. आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा ग्रिनिचला मध्यरात्र होते आणि तारीख बदलते. म्हणजे अप्पा पहाटे पाचला व्हॉल्व्ह उघडत होते आणि माझा डेटाबेस आदल्या दिवसाची तारीख मारत होता. आठ महिने. माळी गल्लीच्या पाण्याचा दिवस लंडनवाले ठरवत होते आणि मी शंभर टक्के म्हणून सही केली होती.

दुरुस्ती सोपी होती. जुना रकाना ग्रिनिचचा आहे असं डेटाबेसला सांगायचं, नवा झोनसकट करायचा, तारीख काढताना आधी आपल्या वेळेत आणायचं. आपल्या झोनचं नाव आशिया-कोलकाता. लातूरला स्वतःचा झोन नाही, आपण कोलकात्याच्या नावावर उठतो. अर्ध्या तासात सगळं झालं. चूक माझी होती, ती मी कबूल करणार होते, अप्पा सुटणार होते. मी मोठ्या आनंदानं तुलना पुन्हा चालवली.

एकोणीसचे दोनशे एक्केचाळीस झाले.

मी तीनदा चालवून बघितलं. दोनशे एक्केचाळीस. आधी ज्या पहाटेच्या नोंदी वहीशी जुळत होत्या त्याही आता जुळेनात. चुकीच्या वेळेनं वही खरी ठरत होती आणि बरोबर वेळेनं खोटी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हा आकडा भागवत साहेबांच्या हाती पडला असता तर नोटिशीची गरजच उरली नसती. मी संगणक बंद केला. क्षणभर, खरं सांगते, मलाही वाटलं की अप्पांचं काहीतरी चुकतंय.

पण वहीत ज्या माणसाची एक खाडाखोड नाही तो दोनशे एक्केचाळीस वेळा खोटं कशाला लिहील? आणि लिहायचंच तर दुपारच्या नोंदी सगळ्या कशा बरोबर? फरक होता तो फक्त पहाटेच्या ओळींत. तेव्हा पहाटेच जाऊन बघायचं ठरवलं. सोमवारी मला जमलं नाही, मंगळवारी गेले.

थंडी अशी होती की बोटं वाकेनात. दिवाळीनंतर पंपाची वीज दोन तास उशिरा येऊ लागली होती, त्यामुळं अप्पांचं पहाटेचं काम आता सहाच्या पुढंही चालायचं. आधी पाचच्या आत उरकायचं. मी स्टँडवरच्या हॉटेलातून गरम सुशीला बांधून घेतली. मुरमुऱ्यांची सुशीला अप्पांच्या आवडीची आहे हे सगळ्या कचेरीला माहीत आहे. पावणेसहाला ते कुंभार गल्लीच्या तोंडाशी सापडले. पाठ वाकवून चावी फिरवत होते. वाफा तोंडातून निघत होत्या. व्हॉल्व्ह उघडला, मोबाइलवर बोट ठेवलं, मग वही काढून टॉर्चच्या उजेडात ओळ लिहिली.

"अप्पा, खाऊन घ्या गरम गरम."

"न्हाई ताई. माझा सोमवार हाय."

"सोमवार काल होता अप्पा. आज मंगळवार."

अप्पांनी मान वर केली. पूर्वेला बघितलं. काळोख होता. मग माझ्याकडं बघितलं ते असं, की देगलूरला पोरींना काय शिकवतात.

"सूर्य कुठं निघालाय अजून?"

मी त्यांच्या हातातली वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. टॉर्च धरला. शाई ओली होती: सोळा डिसेंबर, सोमवार, कुंभार गल्ली.

"अप्पा, बारा वाजता तारीख बदलते ना."

"ती सरकारची. कचेरीत बदलत असंल." ते चावी सायकलला बांधत म्हणाले. "आपला वार सूर्यासंगं. तांबडं फुटल्याबिगर सोमवार कसा सोडावा? आमच्या वडिलाचा बी असाच होता. अन् वहीत वार एक अन् तारीख दुसरी लिहिली, तर गल्लीतल्या बाया काय म्हनतील?"

तेवढ्यात समोरच्या घरातून हंडा घेऊन गौरम्मा बाहेर आल्या, अप्पांच्याच नात्यातल्या. मी त्यांना विचारलं, "मावशी, आज पाण्याचा कोणता वार तुमचा?"

"सोमवार," त्या म्हणाल्या. "मोबाइलवर गेल्या हप्त्यातच आलं नव्हं सोमवार म्हणून? रातभर हंडे मांडूनच झोपलोय."

मी तिथंच कट्ट्यावर बसले आणि हसत सुटले. सात महिने तक्रार का आली नाही ते आत्ता कळलं. अप्पांचा वार सूर्याबरोबर बदलत होता, गल्लीचाही, आणि माझा चुकलेला डेटाबेस साडेपाचला बदलत होता. वैशाखात आपल्याकडं सूर्य पावणेसहाला निघतो. दोघांत जेमतेम पाव तासाचं अंतर, आणि तेव्हा अप्पा पाचच्या आत मोकळे व्हायचे. म्हणून शंभर टक्के. आता डिसेंबरात सूर्य पावणेसातला निघतो आणि वीज उशिरा येते. साडेपाच ते पावणेसात या सापटीत जे व्हॉल्व्ह उघडले, तिथं लंडनचा दिवस पुढं गेलेला आणि अप्पांचा अजून मागंच. त्या एकोणीस नोंदी. आणि दुरुस्तीनंतर माझा दिवस रात्री बारालाच बदलू लागला, म्हणून पहाटेच्या सगळ्या दोनशे एक्केचाळीस फुटल्या.

"हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"मला कोनी इचारलं का? खोटं का लिहिलं, असं इचारलं. मी खोटं लिहिलं न्हाई."

मी ती सुशीला त्यांच्यासमोर खाल्ली नाही. पावणेसातपर्यंत दोघं कट्ट्यावर बसून राहिलो. सूर्य वर आला, अप्पांनी हात जोडले आणि मग दोघांनी गार झालेली सुशीला खाल्ली. चव काही गेली नव्हती.

त्या दिवशी दुपारी अप्पांना माझ्या खोलीत बसवून मी काम केलं. कचेरीच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या सूर्योदयाची वेळ छापलेली असते. ती पंधरा एप्रिलपासून एकेक करून टेबलात भरली. मग डेटाबेसला सांगितलं: वेळ आपली धर, आणि सूर्योदयाच्या आधीची नोंद असेल तर आदल्या दिवसात टाक. तारखेचा रकाना वेगळा ठेवला, वाराचा वेगळा. तारीख सरकारची, वार अप्पांचा. बटण दाबताना, हसू नका, मी डोळे मिटले होते.

शून्य. चारशे बारा पैकी चारशे बारा जुळल्या.

"अप्पा, सुटलात! तुमची एकही ओळ चूक नाही."

अप्पा खुर्चीवरून उठले, संगणकाच्या पडद्याजवळ आले. चष्मा लावला. "सूर्य निघायच्या येळा कुठनं घेतल्या?"

मी भिंतीकडं बोट केलं. अप्पांनी पडद्यावर बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबवलं. पाच डिसेंबर, सूर्योदय सहा सत्तावन.

"सहा सत्तावन? एवढा उशीर आपल्याकडं न्हाई होत. मी रोज बघतोय. हे मुंबईचं असंल."

मी दिनदर्शिकेजवळ गेले. खाली बारीक अक्षरात होतं: वेळा मुंबईच्या. मला आधी राग आला तो छापणाऱ्यांचा, मग माझाच. दोन दिवसांपूर्वी लंडनच्या वेळेपायी कपाळ बडवून घेतलं होतं आणि आता मुंबईचा सूर्य आणून बसवला होता. मुंबई आपल्या पश्चिमेला. तिथं तो पाव तास उशिरा पोचतो. परगावचीच वेळ लावायची सवय हाडात मुरलीय माझ्या.

गावाचे अक्षांश-रेखांश घालून सूर्योदय गणितानं काढला. पुन्हा चालवलं.

एक नोंद फुटली. तीच, पाच डिसेंबरची, गुरुवार. आपल्याकडचा सूर्योदय सहा एक्केचाळीस. अप्पांचं बोट पडलं सहा एकोणपन्नासला. वहीत मात्र बुधवार. आठ मिनिटं.

अप्पांनी वही उघडून ती ओळ बघितली. बराच वेळ बघितली. "त्या दिशी आभाळ होतं," ते म्हणाले. "तीन दिस सूर्य दिसलाच न्हवता. मला वाटलं, निघाला न्हाई अजून."

मला वाटलं तेच मी बोलले. "अप्पा, मी दिनदर्शिकेच्या वेळा राहू देते. छापील आहेत, कोणी विचारणार नाही. शून्य येतंय. आठ मिनिटांसाठी कशाला?"

"तुमाला कळलं, मला कळलं. आनखी कोनाला कळायला पायजे?"

गणितातल्या वेळा तशाच ठेवल्या आणि कागद काढला.

भागवत साहेब माणूस वाईट नाहीत, फक्त घाईत असतात. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ग्रिनिच, झोन, मी न घातलेला रकाना, माझी मे महिन्यातली सही, सगळं मीच सांगितलं. मध्ये एकदा ते माझ्याकडं चष्म्यावरून असे बघायला लागले की कंत्राट गेलंच म्हणून मी मनाची तयारी केली. पण मग सोमवारची गोष्ट सांगितली, आणि ते हसले. "माझी आई अशीच होती," म्हणाले. "पहाटे तीनला जन्मलो म्हणून माझा वाढदिवस आदल्या दिवशी करायची." त्यांनी नोटीस फाइलमधून काढून बाजूला ठेवली आणि कागदावर लिहायला घेतलं.

"तर सगळ्या नोंदी खऱ्या आहेत, असं लिहितो."

"सगळ्या न्हाई सायब," अप्पा म्हणाले. हात पाठीमागं बांधून ते दारापाशीच उभे होते. "एक चुकली हाय."

"ती? आभाळ होतं म्हणताय ना. सोडा ती, अप्पा. तीन महिन्यांनी तुमची निवृत्ती, पान स्वच्छ राहू द्या."

"आभाळ होतं हे खरं. पण सूर्य निघाला होता हे बी खरं हाय. लिहा सायब, माझ्या नावावर लिहा. चूक निघाली अन् मी झाकली, तर बाकीच्या चारशे अकरा कोन खऱ्या मानंल?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते आणि अक्षरं धूसर दिसत होती, कारण मला रडू आलं होतं आणि ते लपवायचा मी फार प्रयत्न केला नाही. नोटीस मागं घेण्यात येत आहे. चारशे बारा पैकी चारशे अकरा नोंदी बरोबर आढळल्या. एक नोंद चुकीची असून ती कर्मचाऱ्याने स्वतः दाखवून दिली आहे.

अप्पांनी कागद दोनदा वाचला. "आता बराबर हाय," म्हणाले आणि सेवापुस्तकात तो नीट चिकटतोय का ते बघायला कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.